खंड ८,८५८, पान ३३५

इयत्ता दुसरीच्या वहीत लाल पेनाने मारलेली एक फुली मला दाखवण्यासाठी माझी भाची दोन मजले पळत वर आली. गृहपाठ होता: काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीही नसलेले दहा शब्द लिहा. घर, बस, नळ, कमळ, गवत, सरबत, खटपट, धरपकड, अदलबदल या नवांवर बरोबरच्या खुणा. दहावा शब्द 'अहमदनगर'. त्यावर फुली, आणि शेजारी बाईंच्या नेटक्या अक्षरात: 'आता अहिल्यानगर.'

"मामा, पण काना नाहीये ना त्यात?"

नव्हता. बाईंचेही चुकले नव्हते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलले आणि नव्या नावात वेलांटी आहे, काना आहे, वर एक जोडाक्षरही आहे. पण या खेळापुरते बोलायचे तर फार मोठा गडी बाद झाला. महड तीन अक्षरी, फलटण चार, हडपसर पाच. अ-ह-म-द-न-ग-र, सातही अक्षरे सपाट, असे दुसरे गाव मला तरी आठवेना. भाचीची समजूत काढायला मी म्हणालो, "असे शब्द फार कमी असतात गं." ती म्हणाली, "किती?"

हा प्रश्न मुलांनी विचारला की मोठी माणसे सहसा विषय बदलतात. मी त्या रात्री कागद घेऊन बसलो.

हिशेब सोपा आहे. क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने, आणि 'अ' धरून ३५ सपाट अक्षरे. पहिल्या जागी ३५ पैकी कुठलेही, दुसऱ्या जागी पुन्हा ३५ पैकी कुठलेही. दोन अक्षरी जुळण्या १,२२५. तीन अक्षरी ४२,८७५. चार अक्षरी पंधरा लाखांवर जातात, पाच अक्षरी सव्वापाच कोटींवर. सात अक्षरी किती? ६,४३३ कोटी ९२ लाख ९६ हजार ८७५.

आकडा नुसता वाचून काही वाटत नाही, म्हणून मी तो छापून पाहिला, अर्थात मनातल्या मनात. पानावर ४०० शब्द, ५०० पानांचा एक खंड, म्हणजे एका खंडात दोन लाख शब्द. सगळी सात अक्षरी यादी ३ लाख २१ हजार ६९७ खंडांत बसते. खंडाची जाडी चार सेंटिमीटर धरली तर फळीची लांबी होते जवळपास १३ किलोमीटर. चर्चगेटला पहिला खंड ठेवला तर दादर मागे पडते तरी पुस्तके चालूच. पहिल्या खंडाचा पहिला शब्द 'अअअअअअअ', शेवटच्या खंडाचा शेवटचा 'ळळळळळळळ'.

आणि अहमदनगर? वर्णमालेच्या क्रमाने लावल्यावर त्याची जागा नेमकी काढता येते: यादीतला १७७ कोटी १५ लाख ३३ हजार ८८३ वा शब्द. म्हणजे खंड ८,८५८, पान ३३५, त्या पानावरचा २८३ वा. त्याच्या अलीकडचा शेजारी 'अहमदनगय', पलीकडचा 'अहमदनगल'. पान ३३५ वरचे बाकीचे ३९९ शब्द वाचून बघा, एकाचाही अर्थ लागायचा नाही. मागची-पुढची पाने चाळलीत तरी तेच. एवढ्या मोठ्या ओसाड गर्दीत एक गाव दिवा लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मला आणखी एक गंमत सुचली आणि ती वाढतच गेली. गावाच्या नावाला आपण 'कर' लावतो. फलटणकर, हडपसरकर. 'कर' हा प्रत्यय स्वतःच सपाट आहे, त्यामुळे सपाट गावाला लागला की दोन अक्षरे फुकट मिळतात. अहमदनगरकर: नऊ अक्षरे. बोलताना लोक नुसते 'नगरकर' म्हणत आले हे खरे, पण शब्द नियमात बसतो. नऊ अक्षरी यादीची फळी १३ किलोमीटरवरून १५,७६३ किलोमीटरवर जाते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे फळी आरपार जाऊन पलीकडून तीन हजार किलोमीटर बाहेर येईल.

आता त्याला ठासून सांगण्याचा 'च' लावा. "हे काम करील तर अहमदनगरकरच." दहा अक्षरे. फळी होते साडेपाच लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. एका 'च'ने पुस्तके चंद्राच्या पलीकडे गेली. मराठी माणसाच्या 'च'मध्ये जोर असतो हे ऐकून होतो, पण इतका असेल असे वाटले नव्हते.

शब्द संपल्यावर मी वाक्याकडे वळलो. सपाट अक्षरांचे, पण अर्थ लागेल असे वाक्य. बऱ्याच खाडाखोडीनंतर हे निघाले:

'कदम, सरळ चल, हडपसरजवळ बस बदल, मग परत फलटण पकड.'

तेहतीस अक्षरे. तेहतीस सपाट अक्षरांच्या एकूण जुळण्या लिहायला ५१ आकडे लागतात, तेव्हा वाक्य बरे जमले म्हणायचे. पण ते परत परत वाचताना मला कदमांची लाज वाटू लागली. मी त्यांना अरेतुरे करत होतो. 'चला' म्हणायचे तर काना, 'बदला' म्हणायचे तर काना, 'पकडा'लाही काना. 'आपण', 'तुम्ही', 'अहो', 'साहेब' सगळेच बाद. मराठीत आदराला काना लागतो.

नुसता आदरच नाही. 'आहे' गेले, 'होते' गेले. तो, ती, ते, मी, तू, सगळे गेले. 'ने', 'ला', 'ची' या विभक्ती गेल्या. मागे उरतो फक्त धातू, आणि मराठीत नुसता धातू म्हणजे एकेरी आज्ञा: कर, चल, बस, पळ, पकड. पहिलीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर सगळी मुले एकमेकांना हुकूम सोडत असतात, कोणी कोणाला काही विचारत नाही, कोणी काही सांगत नाही. मला लहानपणी वाटायचे, ते शिस्तीसाठी असेल. कारण एवढेच आहे की त्या पानांपर्यंत काना शिकवलेला नसतो. काना आला की मुले एकमेकांशी बोलू लागतात.

मग कान्या-मात्रांसकट हिशेब केला तर? पस्तीस अक्षरे, प्रत्येकाची बाराखडी. पस्तीस गुणिले बारा, चारशेवीस. हा आकडा मी मुद्दाम काढलेला नाही, गुणाकार करून बघा. ऋ, ॲ, ऑ आणि जोडाक्षरे मी बाहेरच ठेवली. ती आत घेतली तर नुसत्या दोन व्यंजनांच्या जोडाक्षरांचेच १,१५६ प्रकार होतात आणि त्या प्रत्येकाची पुन्हा बाराखडी.

४२० अक्षरांतून चार अक्षरी जुळण्या होतात ३,१११ कोटी ६९ लाख ६० हजार. दर सेकंदाला एक शब्द उच्चारायचा, झोप नाही, जेवण नाही, पाणी प्यायलाही थांबायचे नाही, तर यादी संपायला ९८६ वर्षे लागतात. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो, आणि सालाची नोंद असलेल्या मराठी लेखांत तो सर्वांत जुन्यांपैकी आहे. तो कोरणाऱ्या कारागिराच्या नातवाने चार अक्षरी शब्द म्हणायला घेतले असते, तर त्याच्या वंशजांची पाळी अजूनही चालू असती. लिहिलेल्या मराठीचे जेवढे वय, जवळजवळ तेवढाच वेळ तिचे नुसते चार अक्षरी शब्द म्हणायला लागतो.

त्यातले खरे शब्द किती? मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात सुमारे ६० हजार शब्द आहेत. ते सगळेच्या सगळे चार अक्षरी आहेत असे खोटेच धरले, तरी पाच लाख जुळण्यांमागे एक शब्द पडतो. 'अमुक अक्षर असलेला लांब शब्द सांग' असे कोणी म्हणाले की आपण या ३,१११ कोटींत शिरत नाही. आपल्या डोक्यातला छोटा कोश आपण चाळणीतून गाळतो. म्हणूनच आठ वर्षांच्या मुलीला 'अदलबदल' दोन मिनिटांत सापडतो.

काही वेळा मात्र चाळणीतून असे काही निघते की थांबून बघावेसे वाटते. 'तो कवी डालडा विकतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकले आहे. उलटे वाचा, तेच. नऊ अक्षरे. पहिली चार लिहिली की शेवटची चार ठरून जातात, मधला 'ल' मोकळा. आंधळेपणाने नऊ अक्षरे टाकली तर ती उलटसुलट सारखी निघण्याची शक्यता किती? पुन्हा तोच आकडा: ३,१११ कोटींत एक. 'वी' आणि 'वि'ची हातचलाखी आपण चालवून घेतो, तेवढी सूट द्या. वर त्या वाक्याला अर्थही आहे. कवीवर डालडा विकायची वेळ का आली, हे कोणी विचारत नाही.

याच वाटेवर पाथरीचे सूर्यपंडित भेटतात. सोळाव्या शतकातले हे गृहस्थ पार्थपूरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे. पेशाने ज्योतिषी आणि गणिती, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिणारे. त्यांनी 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिले. प्रत्येक श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी, आणि तोच पूर्वार्ध शेवटच्या अक्षरापासून उलटा वाचत आलात की कृष्णाविषयीचा उत्तरार्ध तयार. पहिल्या श्लोकाचा पूर्वार्ध बावीस अक्षरांचा आहे. आपल्या चारशेवीस अक्षरांच्या हिशेबाने बावीस अक्षरांच्या जुळण्यांची संख्या ५८ आकडी येते, आणि संस्कृतातली जोडाक्षरे त्यात धरलेलीच नाहीत. गणिताचा माणूस या खेळात पडला याचे मला मुळीच नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की तो तीसच्या वर श्लोक चालवूनही दमला नाही.

हे उलटवणे मी संगणकाकडून करून घ्यायला गेलो आणि फजिती झाली. 'पाथरी' उलट, म्हणालो. अपेक्षा होती 'रीथपा'. पडद्यावर आधी एक पोरकी वेलांटी आली, तिच्या शेजारी ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ, आणि मागून 'रथाप'. संगणकाच्या लेखी अक्षर ही वस्तूच नाही. प, काना, थ, र, वेलांटी असे पाच सुटे तुकडे त्याच्याकडे असतात आणि तो तेच मागून पुढे लावतो. आपल्याला 'स्त्री' हे एक अक्षर दिसते, त्याला सहा तुकडे: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा पाय मोडल्याची खूण, र आणि वेलांटी. संस्कृतातला 'कार्त्स्न्य' हा शब्द आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा, त्याच्या दृष्टीने अकरा तुकड्यांचा. एसएमएसच्या जमान्यात एका संदेशात इंग्रजी १६० अक्षरे मावत आणि देवनागरीचे ७० तुकडे. तेव्हा 'कार्त्स्न्य' सहा वेळा लिहिले की पैशांचा संदेश जवळपास संपला. लांब शब्द शोधणाऱ्याने म्हणूनच आधी ठरवावे, मोजायचे कोणी, आपण की यंत्राने. दोघांचे एकमत होते ते सपाट शब्दांवर. अहमदनगर आपल्यालाही सात, त्यालाही सात.

तिरुमलांबा या विजयनगरच्या राणीने सोळाव्या शतकात 'वरदांबिकापरिणयचंपू'त एक समास लिहिला आहे, १९५ अक्षरांचा. जगातला सर्वांत लांब शब्द म्हणून तो विक्रमांच्या पुस्तकात गेला. वर्णन कांचीच्या परिसराचे आहे. मला त्यात लांबीपलीकडे फार रस वाटत नाही. संस्कृतात समास जोडत जाणे म्हणजे गाडीला डबे जोडणे, इंजिनात दम असेपर्यंत जोडा. मला ओढ आहे ती नियम लावून घेतलेल्यांची.

त्यात आमचे मोरोपंत. जन्म पन्हाळ्याचा, हयात बारामतीची, १७२९ ते १७९४. पंतांनी १०८ रामायणे रचली असे सांगतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना काही ना काही अक्षरांची अट आहे. एक 'निरोष्ठ रामायण'. त्यात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच येऊ द्यायचे नाही. प, फ, ब, भ, म बाद. काटेकोर नियम लावला तर उ, ऊ, ओ, औ आणि व हेही ओठांचेच. आता मजा बघा. रामायण लिहायचे आणि 'राम' म्हणायचे नाही, कारण म. भरत नाही, लक्ष्मण नाही, हनुमान नाही, बिभीषण नाही. राघव आणि रावण दोघेही 'व'मुळे गेले. सीता राहते. दशरथ राहतो. दशानन राहतो! नायकाचे नावच घेता येत नाही आणि खलनायक दहा तोंडांनी हजर.

किती जागा उरते? चारशेवीसपैकी २३२ अक्षरे, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. एवढे वाईट वाटत नाही. पण अट प्रत्येक अक्षराला लागते आणि दर अक्षराला गळती होते. चाळीस अक्षरांची आर्या आंधळेपणाने लिहिली, तर ती निरोष्ठ निघण्याची शक्यता सुमारे दोन हजार कोटींत एक. आणि पंतांना ती आर्येच्या मात्रांतही बसवायची होती, शिवाय रामायण पुढेही न्यायचे होते. ओठांत काडी धरून म्हणून बघा, काडी हलत नाही.

दंडीने याआधी कितीतरी शतके 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात हीच अट पाळली होती. त्याने कारणही फार छान दिले: गोष्ट सांगणाऱ्या राजपुत्राचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखत होते. पंतांच्या बाबतीत असले काही नव्हते, हे उघड आहे.

आणि या सगळ्यांचा वरचा मजला म्हणजे भारवी. ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात त्याचे नाव येते, म्हणजे तोवर त्याची कीर्ती झालेली होती. 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गात त्याचा एक अनुष्टुभ आहे. बत्तीस अक्षरे, आणि व्यंजन एकच: न. अगदी शेवटी एक पाय मोडका त् येतो, पण अंत्य व्यंजन मोजायचे नाही अशी सवलत परंपरेने दिलेली आहे. संस्कृतची ३३ व्यंजने धरून बत्तीसच्या बत्तीस जागी 'न'च पडण्याची शक्यता काढली, तर हरातला आकडा ४९ अंकी येतो. आपल्याकडे मोठ्या आकड्यांची नावे 'परार्धा'वर संपतात: एकावर सतरा शून्ये. हा आकडा सांगायचा तर परार्ध गुणिले परार्ध, त्याला गुणिले जलधी, आणि ते सगळे जवळपास चारदा.

पण भारवीने फासे टाकले नव्हते. त्याने चाळणी लावली होती. 'न'च्या घरात संस्कृतची कोणती माणसे राहतात ते पाहिले: ना म्हणजे पुरुष, आनन म्हणजे तोंड, ऊन म्हणजे उणा, नुन्न म्हणजे घायाळ झालेला, इन म्हणजे धनी, एनस् म्हणजे पाप. शिवाय न, ननु, नाना. एवढ्या भांडवलावर त्याने लढाईतून पळणाऱ्या सैन्याला सुनावले. उघडे बोलायचे तर, टीकाकाराशिवाय तो श्लोक कळत नाही. काव्य म्हणून मला त्याच्यापेक्षा डालडा विकणारा कवी जवळचा वाटतो.

परदेशातही हे वेड आहे. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकनाने १९३९ मध्ये 'गॅड्सबी' ही पन्नास हजारांवर शब्दांची कादंबरी इंग्रजीतले 'ई' हे अक्षर एकदाही न वापरता लिहिली. टाइपरायटरवरची ती कळच त्याने बांधून ठेवली होती. जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंचमध्ये तेच केले. मराठीत त्याच्या तोडीचे काम म्हणजे काना बांधून ठेवणे. कोणी केलेच, तर सबंध कादंबरीत एकालाही 'या, बसा' म्हणता येणार नाही.

हे सगळे भाचीला सांगितले नाही. तिला फक्त खंड, पान आणि शेजारचे दोन शब्द दाखवले. तिला शेजाऱ्यांत रस नव्हता. "सगळ्यात शेवटचा शब्द कुठला?" मी 'ळळळळळळळ' लिहून दिले. ती ते मोठ्याने म्हणू लागली, तिसऱ्या ळ ला जीभ अडली, पुन्हा पहिल्यापासून.

"मग खऱ्या शब्दांत जास्तीत जास्त किती ळ असतात?"

मी म्हणालो दोन. कळवळ, तळमळ, टाळाटाळ. आमच्या त्या १३ किलोमीटरच्या फळीवर नेमके तीन ळ असलेले शब्द ४ कोटी ६७ लाख ७१ हजार ७६० आहेत, पण मराठीत अर्थ लागेल असा त्यांतला एकही मला सुचेना, हेही सांगितले. ती खाली गेली. जेवणाच्या वेळी जिन्यातूनच ओरडत आली, "मामा, बाळगोपाळमेळा!"

सात अक्षरे, तीन ळ. काने, मात्रा सगळे होते त्यात, पण तिचा नवा नियम ळ चा होता, तेव्हा मुकाट्याने मान्य केले. चारचा शोध चालू आहे. काल रात्री मी 'काळवेळपाळ'पर्यंत आलो होतो. तिने विचारले, याचा अर्थ काय, आणि स्वतःच त्यावर फुली मारली.